इम्पीरियल जेडला एवढा भाव का?

तुमचा प्रश्न असा की हिरवी रत्नं इतकी असताना इम्पीरियल जेडचंच, म्हणजे गर्द हिरव्या, प्रकाश आत शिरू देणाऱ्या जेडचंच, एवढं कौतुक का, आणि चीनमध्ये हजारो वर्षं त्याला मान आहे हे खरं का.

आधी मानाचं बघू. जेड नावाने दोन खनिजं ओळखली जातात, नेफ्राइट आणि जेडाइट. ती वेगळी आहेत हे फ्रेंच खनिजतज्ज्ञ दामूर यांनी १८६३ साली दाखवलं. चीनमधल्या प्राचीन ल्यांगझू संस्कृतीतल्या सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या कोरीव चकत्या असोत, की हान घराण्यातल्या राजपुत्र ल्यू शंगच्या शवावर चढवलेला, २,४९८ तुकडे सोन्याच्या तारेने ओवलेला पोशाख, हे सगळं नेफ्राइट. इम्पीरियल जेड मात्र जेडाइट. म्यानमारच्या काचिन भागातून तो चिनी दरबारात भरपूर येऊ लागला अठराव्या शतकात, म्हणजे तसा कालपरवाच. जुन्या दगडाची पुण्याई त्याला आयती मिळाली!

भाव ठरतो तो रंगावर आणि पारदर्शकतेवर. क्रोमियममुळे आलेला गर्द हिरवा रंग दगडभर सारखा हवा आणि प्रकाश आतपर्यंत शिरायला हवा. बहुतेक जेडाइटमध्ये हे दोन्ही एकत्र मिळत नाही. त्यात कच्च्या दगडावर जाड साल असते, त्यामुळे आत काय निघेल ते कापल्यावरच कळतं. हा व्यापार निम्मा जुगारच म्हणा ना.

कठीणपणात तो हिऱ्याच्या जवळपासही नाही, मोह्स मापावर साडेसहा ते सात. पण बारीक स्फटिक एकमेकांत घट्ट गुंतलेले असल्यामुळे तो कमालीचा चिवट असतो. म्हणूनच अखंड दगडातून बांगडी कोरता येते. तशी बांगडी किंवा एकसारख्या मण्यांची माळ करायची तर मोठा, निर्दोष दगड लागतो आणि त्यातला बराचसा वाया जातो. २०१४ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात जेडाइटच्या २७ मण्यांचा हटन-मदिवानी हार सुमारे पावणेतीन कोटी डॉलरला गेला, यात मला तरी नवल वाटत नाही.

घ्यायचा विचार असेल तर प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रावर 'ए' प्रकार, म्हणजे रेझिन किंवा रंग न घातलेला, असं लिहिलाय का ते बघा. 'बी' म्हणजे आम्लाने धुऊन आत रेझिन भरलेला, 'सी' म्हणजे रंगवलेला. नुसत्या डोळ्यांना 'बी' सहज फसवतो. आतलं रेझिन इन्फ्रारेड तपासणीत पकडलं जातं.