वाचकांचे प्रश्न : वादळ दारात असताना घरात थांबणे

अटलांटिक महासागर आणि मेक्सिकोचे आखात यांच्या परिसरातील हरिकेनचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरला जातो. तो सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एका चिंतेची भर पडते, ती म्हणजे अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर राहणाऱ्या मुलाबाळांची. या वेळी आलेल्या पत्रांतून पाच प्रश्न निवडले आहेत. पहिल्याचे उत्तर लांबले आहे, कारण बाकीच्या चारही प्रश्नांचे मूळ त्यातच आहे.

प्रश्न : माझा मुलगा, सून आणि दोन नातवंडे फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ राहतात. गेल्या मोसमात वादळाचा इशारा आल्यावर शेजारपाजारचे लोक निघून गेले, पण हे चौघे घरातच राहिले. ‘आई, घर नवीन आहे, भक्कम आहे,’ एवढेच तो म्हणत राहिला. सुदैवाने काही झाले नाही. त्याचे बरोबर होते की माझी भीती योग्य होती?

उत्तर : काही झाले नाही, यावरून त्याचे बरोबर होते असे ठरत नाही आणि आपली भीती अनाठायी होती असेही ठरत नाही. घर भक्कम आहे हे त्याचे उत्तर वाऱ्यापुरते खरे असेल. पाण्याबद्दल मात्र त्याने काही सांगितले नाही आणि आपणही विचारले नाही. हरिकेनची जी एक ते पाच श्रेणी बातम्यांतून ऐकू येते, ती केवळ वाऱ्याच्या वेगावरून ठरते. ताशी ११९ किलोमीटरला पहिली श्रेणी सुरू होते आणि २५२ किलोमीटरपासून पुढे पाचवी. समुद्र किती वर चढेल, पाऊस किती पडेल, यांपैकी काहीही त्या आकड्यात नसते. २०१७ मध्ये हार्वे हे वादळ किनाऱ्यावर येऊन मंदावल्यानंतर टेक्सासमध्ये एका ठिकाणी १५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला, तेव्हा त्याचा वारा केव्हाच ओसरला होता. २८ सप्टेंबर २०२२ रोजी इयन हे वादळ फ्लोरिडाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर आदळले, तेव्हा फोर्ट मायर्स बीच या गावात समुद्राचे पाणी जमिनीपासून ३ ते ४.५ मीटर चढले आणि त्या वादळाने फ्लोरिडात थेट घेतलेल्या बळींत सर्वाधिक बळी या उधाणाचे होते. एक घनमीटर समुद्रजलाचे वजन एक टनाहून थोडे अधिकच असते. ते लाटेच्या वेगाने भिंतीवर येऊन आदळू लागले की घर किती नवे आहे, या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही.

म्हणून चिरंजीवांना एकच गोष्ट विचारावी : त्यांचे घर कोणत्या स्थलांतर-विभागात येते? फ्लोरिडातील किनारी जिल्ह्यांनी उधाणाच्या धोक्यानुसार ए, बी, सी अशा अक्षरांचे विभाग पाडलेले आहेत. येथे एक गफलत फार जण करतात. विम्याच्या कागदावर जो पूरविभाग लिहिलेला असतो तो वेगळा, आणि वादळापूर्वी बाहेर पडण्याचा आदेश ज्यानुसार निघतो तो विभाग वेगळा. पूरविम्याची सक्ती नाही म्हणजे उधाणाचा धोका नाही, असे नव्हे. आदेश निघालेल्या विभागात घर असेल, किंवा घर चाकांवर आणून ठेवलेल्या प्रकारचे असेल, तर थांबण्याचा विचारही करू नये. घरात कोणी प्राणवायूच्या यंत्रावर अवलंबून असेल, तर वीज गेल्यावर त्या यंत्राचे काय, याचे उत्तर हाताशी असल्याशिवाय थांबू नये.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण मुलाच्या म्हणण्यात तथ्य असू शकते. ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू या वादळाने मायामीच्या दक्षिणेकडील वस्त्या उद्ध्वस्त केल्या, घरांची छपरे खिळ्यांसकट उचलली गेली, आणि बांधकामातील हलगर्जी सर्वांसमोर उघडी पडली. त्यातून पुढे संपूर्ण राज्यासाठी एकच बांधकाम संहिता तयार झाली, ती २००२ पासून लागू आहे. त्यानंतर बांधलेल्या घरात छताचे वासे धातूच्या पट्ट्यांनी भिंतीला जखडलेले असतात. असे घर उंचावर आणि आदेशाच्या विभागाबाहेर असेल, तर त्यात थांबणे शहाणपणाचे ठरू शकते. २००५ साली रिटा या वादळापूर्वी ह्यूस्टन परिसरातून लाखो लोक एकाच वेळी महामार्गांवर उतरले. गाड्या तासन्‌तास उन्हात उभ्या राहिल्या आणि प्रत्यक्ष वादळापेक्षा त्या पलायनातच अधिक माणसे दगावली. निघायचेच असेल तर शेकडो किलोमीटर दूर जाण्याची बहुधा गरज नसते. जवळच्या उंच भागातील परिचितांचे पक्के घर पुरते.

मात्र हे सारे ठरवायला वेळ बेताचा असतो. हरिकेनचा पक्का इशारा वादळी वारे पोहोचण्याच्या सुमारे ३६ तास आधी दिला जातो. वारा ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास गेला की बहुतेक ठिकाणी रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाच्या गाड्या बाहेर पडणे थांबवतात. ‘बघू, रात्री ठरवू’ असे म्हणणाऱ्याचा निर्णय वादळच घेऊन टाकते.

प्रश्न : खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्ट्यांची फुली मारावी आणि एक खिडकी किंचित उघडी ठेवावी, म्हणजे आतला-बाहेरचा दाब सारखा राहतो, असे एका नातेवाइकांनी सुचवले. हे योग्य आहे का? आणि घरात नेमके बसावे कुठे?

उत्तर : दोन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि दुर्दैवाने दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. चिकटपट्टीने काच मजबूत होत नाही. उलट फुटलीच तर तिचे मोठे, अधिक घातक तुकडे अंगावर येऊ शकतात. उघड्या खिडकीतून शिरलेला वारा आतून छत वर ढकलतो आणि त्याच वेळी छतावरून धावणारा वारा ते वर ओढत असतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, हे ध्यानात घेतले तर एका उघड्या खिडकीची किंमत कळेल. गॅरेजचे रुंद दार हा या घरांतला सर्वांत कच्चा दुवा. ते आत दबले की पुष्कळदा छप्परही मागोमाग जाते. तेव्हा खिडक्यांना पोलादी शटर किंवा निदान १६ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड स्क्रूने घट्ट बसवावे, गॅरेजच्या दाराला आधार द्यावा, आणि घरातल्या खोल्यांची दारेही लावून घ्यावीत, म्हणजे एक खिडकी गेली तरी वारा घरभर फिरत नाही.

बसण्यासाठी खालच्या मजल्यावरची, घराच्या मधोमध असलेली, बिनखिडकीची लहान खोली निवडावी. न्हाणीघर किंवा मोठे कपाट सहसा योग्य ठरते. अर्थात त्या मजल्यावर पाणी येणार नाही, हे पहिल्या उत्तराप्रमाणे आधीच ठरलेले असले पाहिजे. सर्वांच्या पायांत बूट असावेत, मुलांच्या डोक्यावर सायकलचे हेल्मेट असावे आणि वेळ आलीच तर वर ओढून घ्यायला गादी हाताशी असावी.

या सदराच्या लेखकाने अशी एक रात्र काढलेली आहे, त्यातले एवढेच सांगतो. वाऱ्याच्या किंचाळण्याची मनाची तयारी होती. प्रत्यक्षात भिंतीला हात लावला की तळव्याला जाणवणारी खोल घरघर अधिक अस्वस्थ करत होती. हवेचा दाब उतरू लागला तसे विमानात बसतात तसे कानांना दडे बसले आणि कमोडमधले पाणी आपोआप खालीवर हिंदकळू लागले. मोठ्यांना डुलकीही लागली नाही, मुले मात्र शांत झोपली. पाऊस आडवा येत होता, त्यामुळे बंद खिडक्यांच्या चौकटींतूनही पाणी आत झिरपत होते, आणि वारा जरा ओसरला की उठून पंचे पिळायचे, पुन्हा चौकटींखाली लावायचे, हेच पहाटेपर्यंतचे काम होते. तयारीच्या कोणत्याही यादीत ते नव्हते, म्हणून लिहितो : जुने पंचे आणि दोन बादल्या जवळ ठेवाव्यात.

प्रश्न : मध्यरात्री वारा अचानक पडला, आकाशात चांदण्या दिसल्या, म्हणून आमचे जावई छप्पर पाहायला बाहेर गेले. थोड्याच वेळात वादळ पुन्हा सुरू झाले. असे कसे झाले?

उत्तर : ते वादळाच्या डोळ्यात उभे होते. हा शांत मध्यभाग साधारणतः ३० ते ६५ किलोमीटर रुंद असतो. घरावरून तो नेमका मधून गेला तर तासाहून अधिक काळ शांतता मिळू शकते आणि कडेकडेने गेला तर काही मिनिटेच. त्याभोवतीच वादळातील सर्वांत जोराचा वारा असतो. तो परततो तेव्हा उलट दिशेने येतो, म्हणजे आधीच्या वाऱ्याने जी झाडे आणि पत्रे एका बाजूने खिळखिळी केलेली असतात, त्यांना आता दुसऱ्या बाजूने धक्का बसतो. समुद्राचेही असेच होऊ शकते. २०१७ मध्ये इर्मा आणि २०२२ मध्ये इयन या वादळांच्या वेळी जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याने टॅम्पाच्या उपसागरातले पाणी मागे हटवले, आणि ते दृश्य पाहायला लोक उघड्या पडलेल्या तळावर चालत गेले. वारा फिरला की ते पाणी परत येते. जावईबापूंना सांगावे की स्थानिक यंत्रणा वादळ सरल्याचे सांगेपर्यंत छप्पर जसे असेल तसे असू द्यावे.

प्रश्न : सगळे अंदाज चुकून घरात पाणी शिरलेच तर वर चढावे का?

उत्तर : हो, पण कोंडलेल्या माळ्यावर नव्हे. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्सचे बंधारे फुटले, तेव्हा अनेकांनी पाण्यापासून वाचण्यासाठी छपराखालचा माळा गाठला. पाणी वर येत राहिले आणि छप्पर फोडायला हाताशी काही नसल्याने काही जण तेथेच अडकून दगावले. त्या शहरातल्या जुन्या कुटुंबांत १९६५ च्या बेट्सी वादळापासून माळ्यावर कुऱ्हाड ठेवण्याची रीत होती, ती कोणाला विनोदी वाटत असेल तर वाटो. दुमजली घर असेल तर वरच्या मजल्यावर जावे, आणि त्याहून वर जाण्याची वेळ आली तर थेट छपरावर निघता येईल अशीच वाट धरावी. पाणी येण्यापूर्वी, कोरड्या पायांनी, विजेचा मुख्य स्विच बंद करावा. पाण्यात उभे राहून त्याला हात लावू नये. गाडी काढून निसटण्याचा मोह आवरावा. वेगाने वाहणारे १५ सेंटिमीटर पाणी मोठ्या माणसाला पाडू शकते आणि ३० सेंटिमीटर पाणी लहान मोटार वाहून नेऊ शकते.

प्रश्न : वीज आठ-दहा दिवस नसते असे ऐकले. त्या काळाची तयारी काय करावी? आणि इतक्या दूर बसून आम्ही सारखे फोन करतो, त्याचा मुलांना त्रास होतो का?

उत्तर : वादळ निघून गेल्यावर घराघरांत जो धोका येतो त्याला वास नसतो, रंगही नसतो. गॅरेजमध्ये किंवा खिडकीजवळ चालवलेल्या जनरेटरमधून निघणारा कार्बन मोनॉक्साइड झोपलेल्या माणसांना उठू देत नाही. २०२० च्या लॉरा वादळानंतर लुइझियानात अनेक मृत्यू या एकाच कारणाने झाले. जनरेटर घराच्या बाहेर, दारे-खिडक्यांपासून निदान ६ मीटर दूरच हवा, मग पाऊस असो वा चोरीची भीती असो. पिण्याचे पाणी माणशी रोज ४ लिटर धरावे. शौचालयासाठी आंघोळीचा टब भरून ठेवावा, पण तो आदल्या दिवशी एकदा भरून पाहावा, कारण पुष्कळ टबांची बुचे हळूहळू गळतात आणि हे नेमके दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षात येते. फ्रिज न उघडता त्यातले अन्न ४ तास टिकते, तर गच्च भरलेल्या फ्रीझरमधले सुमारे ४८ तास. घर सोडून जावे लागलेच तर फ्रीझरमध्ये पेलाभर पाणी गोठवून त्यावर एक नाणे ठेवावे. परत आल्यावर नाणे तळाशी गोठलेले दिसले तर मधल्या काळात सारे वितळून पुन्हा गोठले आहे, असे समजून अन्न टाकून द्यावे.

फोनबद्दल म्हणाल तर सारखे फोन करू नयेत, त्यात त्यांची बॅटरी संपते. बोलणे लागत नाही तेव्हाही छोटा लेखी संदेश बहुधा पोहोचतो, म्हणून वादळापूर्वीच संदेशाच्या वेळा ठरवाव्यात. वादळक्षेत्राबाहेरचा एक माणूस सर्वांचा निरोप्या म्हणून नेमावा, अशी तेथे रीत आहे, आणि त्या कामाला आपल्याइतके सोयीचे कोणी नाही. मोसमाच्या बहुतेक काळात फ्लोरिडात रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेआठ झालेले असतात. त्यांची सर्वांत वाईट वेळ आपल्या जागेपणी येते. तेव्हा एका वहीत मुलाच्या शेजाऱ्यांचे, सुनेच्या माहेरचे आणि विमा कंपनीचे दूरध्वनी क्रमांक, पॉलिसीचा क्रमांक आणि मुले कोणत्या खोलीत बसणार आहेत, एवढे लिहून ठेवावे, आणि इतर नातेवाइकांना त्यांच्याऐवजी आपल्याला फोन करायला सांगावे.