सीलबंद नको, तुटका घे

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं, फोटोही पाहिला. पुठ्ठ्यावरच्या पारदर्शक प्लास्टिकच्या फुग्यात बसलेला जी. आय. जो, तो खेळण्यातला शिपाई, आजवर कुणी न उघडलेला, आणि खाली विकणाऱ्याने सांगितलेली किंमत. घेऊ का, असं विचारलंयस. नको घेऊस. परवडतं की नाही हा मुद्दाच नाही. घेतलास तर तो फुगा फोडायचं तुझ्याने होणार नाही, कारण फोडला की किंमत उतरली. मग तो कपाटात उभा राहणार आणि तू अधूनमधून त्याच्याकडे बघत लहानपण आठवणार. एरवी मी काही बोललोही नसतो. हौसेला मोल नसतं. पण तुला खेळणी बनवायच्या धंद्यात उतरायचंय, म्हणून बोलतो.

तुटका घे. अंगठा गेलेला, कमरेतून लोंबणारा. जुन्या बाजारात, नाहीतर कुणाच्या माळ्यावरच्या खोक्यात सापडेल. हे बाहुले तुटायचे ते ठरलेल्या जागीच. बंदुकीची मूठ हातात घट्ट बसायची, त्यामुळे अंगठे जायचे. आणि दोन मांड्यांमधला तो नाजूक तुकडा. कुठे तुटतं हे कळलं की डिझाइन करणाऱ्याने कुठे कमी जाडी ठेवली हेही कळतं.

बारीक फुलीचा स्क्रू-ड्रायव्हर घे. पाठीवर एकच स्क्रू असतो. तो काढलास की छाती आणि पाठ शिंपल्यासारखी उघडते, डोकं आणि हात सुटे होऊन हातात येतात. मांड्यांना जोडणारी धातूची टी-आकाराची छोटी पट्टी दिसेल, तिच्या हुकात एक काळं रबरी कडं. त्याचं दुसरं टोक छातीच्या आतल्या खुंटीला अडकवलेलं. अख्खा बाहुला त्या एका कड्याच्या ताणावर उभा! म्हणून तो कमरेत वळतो, म्हणून पाय दुमडून गाडीत बसतो, आणि म्हणूनच काही वर्षांनी रबर वाळलं की अचानक त्याचे दोन तुकडे होतात. लहानपणी तुला तो 'मेला' असं वाटलं असणार. प्रत्यक्षात नळाच्या सामानाच्या दुकानात त्या मापाचं ओ-रिंग मिळतं. जुना तुकडा नमुना म्हणून सोबत ने, दुकानदाराला 'बाहुल्याच्या पोटातलं' असं सांगू नकोस.

त्या दोन शिंपल्यांच्या आतल्या बाजूला बोटाने चाचपून बघ. बारीक गोल खुणा लागतील. साच्यातून जॉब, म्हणजे तयार तुकडा, ढकलून बाहेर काढणाऱ्या पिनांचे ते ठसे. ते आत ठेवलेत, बाहेर नाही. आणि हातापायांच्या कडेने जी पुसटशी रेघ जाते ती साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथली. ती चेहऱ्यावर येऊ नये म्हणून कुणीतरी डोकं खाजवलेलं आहे.

आता कोपर बघ. हॅस्ब्रो या अमेरिकी खेळण्यांच्या कंपनीने १९६४ साली पहिला जी. आय. जो आणला, तो जवळजवळ फूटभर उंच, अंगात कापडी कपडे. पावणेचार इंचांचा आला १९८२ मध्ये. तोपर्यंत केनर कंपनीने 'स्टार वॉर्स'च्या बाहुल्यांतून हे माप रुळवलं होतं. या मापात जीप, रणगाडे, विमानं आवाक्यातल्या किमतीत बनवता येतात आणि माणूस खरोखर आत बसतो. पण पहिल्या वर्षीच्या बाहुल्यांचा हात कोपरात नुसता वाकायचा, रायफल दोन्ही हातांत धरताच येत नव्हती. १९८३ पासून कोपराच्या वर दंड गोल फिरायला लागला. बदल तेवढाच, पण पोराच्या हातातला शिपाई एकदम नेम धरायला लागला. मला विचारशील तर त्या सगळ्या मालिकेतली ही सर्वांत हुशार गोष्ट.

दुसरी हुशारी नाइलाजाची. १९८२ च्या पहिल्या संचात रंगकामाचा खर्च वाचवायला एक बाहुला सरळ काळ्या प्लास्टिकचा काढला, त्याच्यावर रंगाचं बोटही लावलं नाही. तोच स्नेक आइज. पुढे सगळ्यांत जास्त चाहते त्याचेच झाले. पैसे कमी पडतील तेव्हा हे आठव. पैसे कमी पडणारच आहेत.

पुठ्ठ्याच्या मागे कापून ठेवायचं कार्ड असायचं: खरं नाव, जन्मगाव, कामाची खासियत, स्वभावाच्या दोन ओळी. लॅरी हामा नावाचा माणूस ते लिहायचा. ती कार्डं पोरं रबरबँड लावून जपायची, बाहुला हरवला तरी.

तुझा जी. आय. जो मात्र अमेरिकेतून आलेला नव्हता. फोटोतल्या पुठ्ठ्यावर फनस्कूलचं नाव स्पष्ट दिसतंय. एमआरएफच्या पाठबळावर १९८७ मध्ये सुरू झालेली कंपनी, कारखाना गोव्यात. हॅस्ब्रोचे तिकडे वापरून झालेले पोलादी साचे इथे येऊन पुन्हा मशीनवर चढले. साचा कापणं हाच मोठा खर्च, तो वाचला. रंग मात्र इथले, त्यामुळे काही बाहुले मूळच्यापेक्षा चक्क वेगळे दिसतात, आणि आज तिकडचे संग्राहक नेमके तेच शोधत फिरतात. आपल्या रंगाऱ्याची ही अशी कमाई.

तू पत्रात त्याची एवढी तारीफ केलीस, पण तो नीट उभा राहायचा नाही हे लिहिलं नाहीस. टाचेत भोक असायचं, स्टँडच्या खुंटीत बसवायला. स्टँड हरवला की पंख्याच्या वाऱ्याने पण आडवा. आठवणीत असल्या गोष्टी राहत नाहीत, आणि तुला नेमक्या त्याच हव्यात. म्हणून एक काम कर: तो कसा दिसायचा ते सोड, तू त्याच्याशी काय करायचास ते लिही. कुंडीत पुरायचास? खिडकीच्या गजाला दोरीने लटकवायचास? आंघोळीच्या बादलीत बुडवायचास? जे लिहिशील त्यावर तुझं पहिलं खेळणं बेत. त्याच्या गणवेशाची नक्कल करू नकोस, ती करणारे पुष्कळ आहेत.

आणखी एक, नियमांचं. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. नखाएवढी बंदूक लहान पोराच्या घशात जाऊ शकते, तेव्हा कोणत्या वयासाठी बनवतोयस ते कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी ठरव. नंतर ठरवलंस तर साचा पुन्हा कापावा लागेल, आणि त्याचं बिल बघून तुला घाम फुटेल.

भोसरीत माझ्या ओळखीच्या एका मोल्डरकडे, म्हणजे साच्यातून प्लास्टिकच्या वस्तू काढणाऱ्याकडे, तुला नेईन. उघडलेला बाहुला डबीत घालून आण, त्यालाही बघायचाय. सकाळच्या पाळीला जाऊ. मशीन तापून मार्गी लागेपर्यंतचे पहिले शॉट, म्हणजे साच्यातून निघणारे तुकडे, खराब निघतात, कुठे अर्धे भरलेले, कुठे कडेला पापुद्रे आलेले. शिकायला तेच बरे. बूट घालून ये, चपलेवर आत सोडत नाहीत.

कळावे.