ऑस्ट्रेलियाचा अँथनी मंडाइन रग्बी लीग सोडून बॉक्सिंगमध्ये गेला. त्याची बडबड बाजूला ठेवली तर तो खरंच चांगला बॉक्सर होता का?

हो, होता. आणि तो चांगला का होता, याचं उत्तर त्याच्या हातांपेक्षा पायांत सापडतं.

वडील टोनी मंडाइन हे बंजलुंग मूलनिवासी समाजातले नामवंत मुष्टियोद्धे. १९७४ मध्ये ते ब्युनॉस आयर्सला कार्लोस मोन्झोनशी मिडलवेट या वजनगटाच्या जगज्जेतेपदासाठी लढले आणि सातव्या फेरीत हरले. म्हणजे घरात बॉक्सिंग होतं, पण अँथनीने (जन्म १९७५) आधी नाव काढलं ते रग्बी लीगमध्ये. या खेळात एका बाजूला १३ खेळाडू असतात. चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून पाडणं म्हणजे टॅकल; चेंडू जवळ असलेल्या संघाला असे सहा टॅकल होईपर्यंत संधी मिळते, तेवढ्यात काही घडलं नाही तर चेंडू समोरच्याकडे जातो. मंडाइन फाइव्ह-एट, म्हणजे सहा नंबरच्या जर्सीचा खेळाडू. बचावाच्या रांगेसमोर आडवं धावायचं, समोरच्याला एका पायावर भार टाकायला लावायचं आणि त्याच क्षणी दुसऱ्या बाजूने निसटायचं, हे त्या जागेचं काम. बॉक्सिंगमध्ये अंतर राखणं म्हणतात ते जवळजवळ हेच.

त्याचे संघ: सेंट जॉर्ज ड्रॅगन्स, १९९७ मध्ये एक वर्ष ब्रिस्बेन ब्रॉन्कोज, मग परत सेंट जॉर्ज. १९९९ च्या अंतिम सामन्यात त्याचा संघ मध्यंतराला मेलबर्न स्टॉर्मपेक्षा १४-० ने पुढे होता. उत्तरार्धात रेषेपलीकडे चेंडू टेकवताना तो मंडाइनच्या हातून निसटला आणि सामना २०-१८ असा गेला. पुढच्याच वर्षी, ऐन हंगामात, पंचविशीच्या आसपास त्याने रग्बी सोडली.

आता खरा मुद्दा. रग्बीवाल्याला रिंगमध्ये काय नडतं? टॅकल करताना कमरेत वाकून खांदा पुढे घालायची सवय असते. तसंच रिंगमध्ये वाकलं की खालून अपरकट बसतो. रग्बीत खांदे आवळलेले असतात, त्यामुळे ठोसा ढकलल्यासारखा जातो, सुटत नाही. दमही वेगळा लागतो: बारा फेऱ्या म्हणजे तीन-तीन मिनिटांची ३६ मिनिटं, मध्ये फक्त एकेक मिनिट विश्रांती. मंडाइन पहिल्या दोन्ही अडचणींतून लवकर सुटला, कारण तो सरळ उभा राहून, लांबून जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारत बाजूला सरकत लढायचा. पण डावा हात कमरेपाशी सोडायची सवय राहून गेली. पाय चपळ असेपर्यंत ती खपली.

पहिली व्यावसायिक लढत जुलै २००० मध्ये. डिसेंबर २००१ मध्ये, अवघ्या दहा लढतींच्या अनुभवावर, जर्मनीत डॉर्टमुंडला जगज्जेत्या स्वेन ओटकेसमोर, जगज्जेतेपदासाठी. दहाव्या फेरीपर्यंत तो टिकला, मग कानशिलावर एक छोटा उजवा ठोसा बसला आणि तो आडवा झाला. ही लढत घाईने घेतली असं माझं मत आहे; ओटकेसारख्या मुरलेल्या बॉक्सरचा असा छोटा ठोसा ओळखायला आणखी पाचसहा कठीण लढती हव्या होत्या. तरीही सप्टेंबर २००३ मध्ये अँट्वन एकोल्सला गुणांवर हरवून त्याने डब्ल्यूबीए (वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशन) या संघटनेचं सुपर मिडलवेटचं (७६.२ किलो) रिकामं जगज्जेतेपद मिळवलं. हौशी बॉक्सिंगची भक्कम पायाभरणी नसताना तीन वर्षांत एवढी मजल मारणं सोपं नाही. २००५ मध्ये तो डेन्मार्कच्या मिकेल केसलरकडून हरला, पण पूर्ण बारा फेऱ्या उभा राहून. २००९ मध्ये त्याने पुढे जगज्जेता झालेल्या डॅनियल गीलला हरवलं, तेही मोठंच काम होतं.

उतार कुठे लागला ते पाहायचं तर २०१० ची गार्थ वूडविरुद्धची लढत बघा. वूडही रग्बी लीगमधूनच आलेला. पाचव्या फेरीत मंडाइन नॉकआउट झाला. परतीची लढत त्याने जिंकली, पण खाली असलेल्या हातावरून हुक (बाजूने वळून येणारा ठोसा) येतो हे आता सगळ्यांना कळलं होतं. पुढे चाळिशीकडे झुकताना तो ६९.९ किलोच्या सुपर वेल्टरवेट गटात उतरला. या वयात सहा किलो खाली यायचं म्हणजे अंगातलं पाणी जातं आणि सगळ्यात आधी पाय जड होतात. त्याची तर सगळी ढाल पायांतच होती. २०१४ मध्ये जोशुआ क्लॉटीने त्याला पाच वेळा खाली पाडलं. मंडाइन पाचही वेळा उठला आणि शेवटच्या घंटेपर्यंत लढला. २०१८ मध्ये जेफ हॉर्नसमोर लढत ९६ सेकंदांत संपली, आणि मार्च २०२१ मध्ये बेंडिगोला मायकेल झेराफाने पहिल्याच फेरीत हरवल्यावर ४५ व्या वर्षी तो थांबला. एकूण ५९ लढती, ४८ विजय.

एकच लढत बघायची असेल तर मे २००६ ची, सिडनीतली डॅनी ग्रीनविरुद्धची बघा. ग्रीन सतत चालून येतो. तुम्ही मंडाइनच्या हातांकडे बघू नका, जॅब मारल्यावर पाऊल कुठे पडतं ते बघा: ग्रीनचा उजवा ठोसा निघतो तेव्हा मंडाइन त्या जागेवर नसतोच.