मॉरिशसच्या रानात तण काढण्यापूर्वी

१९९४ साली स्थापन झालेल्या ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात आपण प्रथमच तण काढायला येत आहात, तेव्हा सुरुवातीचे काही दिवस कोयता बाजूला ठेवून केवळ पाने ओळखण्याचा सराव करावा, असे मी सुचवेन. ब्राझीलहून आलेला चिनी पेरू (चिनी केवळ नावापुरता!) आणि येथील जांभूळकुळातील स्थानिक रोपे कोवळ्या वयात इतकी सारखी दिसतात की अनुभवी हातांकडूनही चूक होते. पेरू नुसता छाटल्यास मुळांतून पुन्हा फुटतो, म्हणून लहान रोपे मुळासकट उपटावीत. त्याच्या बिया रानडुकरे आणि माकडे पसरवतात, तसेच चिखलाने माखलेले आपले बूटही. ते आधी घासून धुवावेत. डचांच्या काळापासून तोडल्या गेलेल्या आबनुसाचे रोप दिसल्यास त्याच्या बुंध्याजवळची माती हलवू नये.