वाचकांचे प्रश्न: ओकानागनच्या खोऱ्यात कधी जावे?

प्रश्न: निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. मुलगा आणि सून कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, ओकानागन खोऱ्यातल्या केलोना येथे नोकरीनिमित्त राहतात. आम्ही उभयतांनी येऊन काही महिने राहावे आणि मानवल्यास तेथेच मुक्काम वाढवावा, असा त्यांचा आग्रह आहे. तेथेही वाइनच्या द्राक्षांच्या बागा आहेत असे कळते. कोणत्या ऋतूत जावे, आणि थंडी सोसेल का?

उत्तर: नुसते पाहून यायचे असेल तर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोहोचावे, राहायचे की नाही हे ठरवायचे असेल तर मात्र जानेवारी तेथे काढल्याशिवाय ठरवू नये.

आपण बागायतदार असल्यामुळे हे खोरे आपल्याला लवकर उमगेल. इगतपुरीला धो धो कोसळणारा पाऊस निफाडपर्यंत येता येता ओसरतो, तसाच पॅसिफिकवरून येणारा पाऊस पश्चिमेच्या डोंगरांवर रिता होतो आणि ओकानागनच्या वाट्याला बर्फ धरूनही वर्षाकाठी जेमतेम ३०० ते ४०० मिलिमीटर पाणी येते. त्यामुळे बागांना पाणी द्यावेच लागते, पण डावणी या बुरशीजन्य रोगाची ती आपल्याकडची धास्ती तेथे फारशी नाही. खोऱ्याच्या मधोमध सुमारे १३५ किलोमीटर लांबीचा आणि काही ठिकाणी २३० मीटरहून खोल असा तलाव पसरला आहे. एवढे पाणी बहुतेक हिवाळ्यांत पूर्ण गोठत नाही. उन्हाळ्यात साठवलेली ऊब ते शरद ऋतूत हळूहळू सोडते आणि काठावरच्या उतारांना लवकर येणाऱ्या हिमापासून वाचवते. थंड हवा जड असल्याने तळाशी उतरते, म्हणून जाणते बागायतदार खोलगट जमीन सोडून उतारावरच्या सपाट टप्प्यांवर वेली लावतात.

आपल्याकडे वेल कधी पुरती झोपत नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी (काडी तयार होण्यासाठी) आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळासाठी) अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. तेथे थंडीच वेलीला झोपवते. छाटणी एकदाच, हिवाळ्याच्या अखेरीस. काडीवरचे डोळे, म्हणजे अंकुर, फुटतात एप्रिलच्या शेवटी किंवा मे महिन्यात, फुलोरा जूनमध्ये, ऑगस्टमध्ये मण्यांत पाणी उतरते, म्हणजे मणी मऊ होऊ लागतात, आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. आपली तोडणी जानेवारी ते मार्चमधली, त्यामुळे तेथील हंगाम पाहून ऑक्टोबरच्या छाटणीसाठी आपल्याला घरी परतताही येईल. काही बागांत घड मुद्दाम वेलीवरच ठेवतात आणि पारा उणे ८ अंशांखाली गेला की गोठलेल्या अवस्थेतच तोडून लगेच पिळतात. मण्यातले पाणी बर्फ होऊन मागे राहते आणि दाट गोड रस तेवढा निघतो. त्याची आइसवाइन होते.

जुलै-ऑगस्टचा आग्रह मुलाने धरला तरी मानू नये. चेरी आणि पीच तेव्हाच भरात असतात हे खरे, पण पारा ३५ च्या वर जातो, गर्दी होते आणि वणव्यांचा हंगामही हाच. ऑगस्ट २०२३ मध्ये पश्चिम काठावर पेटलेल्या वणव्याच्या ठिणग्या तलाव ओलांडून केलोनाच्या बाजूला पडल्या, हजारो लोकांना घरे सोडावी लागली आणि पर्यटकांना मुक्कामासाठी येण्यास काही दिवस मनाई झाली. आग दूर असली तरी धूर खोऱ्यात कोंडतो. दमा असलेल्याने याचा विचार आधी करावा.

थंडीपेक्षा मला काळजी वाटते ती उजेडाची. कपडे आणि घरातले हीटर यांनी थंडी निभावते. पण डिसेंबर-जानेवारीत खोऱ्यावर करड्या ढगांचे झाकण दिवसच्या दिवस बसते, चारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि मुलगा-सून कामावर गेल्यावर गाडी न चालवणारी माणसे घरात अडकतात. जमेची बाजू अशी की खोऱ्यातल्या अनेक फळबागा पंजाबी कुटुंबांच्या आहेत. हिंदीत चार शब्द बोलायला माणूस भेटतो आणि पीठ-डाळींची चणचण पडत नाही.

तेथे बाग घेण्याचा विचार मनात डोकावलाच तर जानेवारी २०२४ आठवावा. मवाळ डिसेंबरनंतर पारा एकाएकी उणे २५ च्या आसपास घसरला, काडीवरचे डोळे मेले आणि त्या वर्षीचे वाइन-द्राक्षांचे पीक जवळजवळ सगळे बुडाले. बाहेरून द्राक्षे आणून वाइन करण्याची तात्पुरती मुभा प्रांत सरकारला द्यावी लागली. गारपिटीने एका रात्रीत उभी बाग गेलेली आपण पाहिली असेल, तेव्हा अधिक सांगत नाही.

दीर्घ मुक्कामासाठी आई-वडिलांचा सुपर व्हिसा मिळतो. त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते, परंतु खासगी आरोग्यविमा आधीच काढावा लागतो आणि सरकारी आरोग्यसेवा मिळत नाही. रक्तदाब-मधुमेह असल्यास विम्याच्या अटी मुलाकडून नीट वाचून घ्याव्यात.

प्रश्न: आम्ही मद्य घेत नाही. तरीही हे खोरे पाहण्यात अर्थ आहे का? (पुणे)

उत्तर: निश्चित आहे. केलोनाजवळच्या मायरा दरीत जुन्या रेल्वेमार्गावरचे १८ पूल आहेत. त्यांतले १२ लाकडी पूल २००३ च्या वणव्यात जळाले. ते पुन्हा उभारले असून चढ अगदी सौम्य असल्याने सायकलने आरामात फिरता येते. दक्षिण टोकाला ओसोयूस येथे सिल्क्स आदिवासींची एन्कमीप ही वाइनरी आहे. तिच्या शेजारच्या वाळवंट केंद्रात त्या भूमीची आणि लोकांची माहिती मिळते, त्यासाठी पेल्याला हात लावावा लागत नाही. मात्र ऑक्टोबरपासून तेथील डोंगरी महामार्गांवर हिवाळी टायर सक्तीचे असतात, तेव्हा भाड्याची गाडी घेताना टायर आधी पाहावेत.