मिसरी सोडा म्हणण्याआधी

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

निपाणीला रुजू होऊन चार दिवस झाले नाहीत तोवर तुझी तक्रार आली: तंबाखू सोडा म्हटलं की बिडी वळणाऱ्या बायका सगळं ऐकून घेतात, 'व्हय बाई' म्हणतात आणि पायरी उतरली की मिसरी, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना लावतात. ऐकून घेणार नाहीत तर काय करतील? तुझ्या हातात सरकारी रजिस्टर. अगं, ज्या गावाचं पोट तंबाखूवर चाललं, ज्याच्या दरासाठी १९८१ साली शेतकरी महामार्ग अडवून बसले, तिथं तंबाखू वाईट ही काही बातमी नव्हे. तोंडाच्या कॅन्सरनं गेलेलं माणूस भावकीत पाहिलेलं असतंच. माहिती कमी पडते म्हणून मिसरी सुटत नाही, असं नसतं.

सोडावी असंही वाटतं, नको असंही वाटतं. दोन्ही एकाच माणसात नांदतात. तू 'सोडा' ही बाजू उचललीस की तिच्या वाट्याला दुसरी उरते. मग तू जितक्या पोटतिडकीनं समजावशील, तितकी ती न सोडण्याची कारणं देत जाते, आणि स्वतःच्या तोंडून निघालेलं माणसाला जास्त पटतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूच्या रुग्णांसोबतच्या कामातून हे मांडलं. पुढे स्टीफन रोलनिक यांच्या साथीनं त्याची पद्धत झाली, मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग. नाव जड आहे. मावशी समोर बसली की विसरून जा.

तिला आधी विचार, "मिसरी लावून बरं काय वाटतं?" दचकू नकोस. ती सांगेल, दात शिवशिवत न्हाईत, सकाळी लावल्याबिगर पोट साफ होत न्हाई, डोकं धरतंय. मग विचार, "आणि नको काय वाटतं?" समज, ती म्हणाली, "नातू जवळ घेतला की वास येतोय म्हणून पळतोय. सोडावं वाटतंय, खरं जमंना."

इथंच तुझी जीभ वळवळेल. 'जमेल हो, मनावर घ्या!' ते गिळ. तिच्यातलंच एक उचलून तिला परत दे: "नातवानं जवळ बसावं असं वाटतंय तुम्हाला." प्रश्न म्हणून नव्हे, साधं वाक्य, शेवटी आवाज खाली. आणि गप्प राहा. 'जमंना' उचललंस तर ती अडचणी सांगत बसेल. नातू उचललास तर पुढचं बोलणं नातवाचं होईल. काय उचलायचं, एवढाच या कामातला कस आहे, आणि तो पुस्तकातून येत नाही.

शून्य ते दहा गुणांची मोजपट्टी तुला ट्रेनिंगमध्ये दिली असेल. जुन्या बायकांना आणे विचार. "सोळा आण्यांतलं किती आणे सोडावंसं वाटतंय?" ती म्हणाली चार. आता 'चारच का?' विचारलंस तर बारा आण्यांची कारणं ऐकायला मिळतील. "एकच आणा का नाही म्हणालात?" असं विचार. मग त्या चार आण्यांचा हिशेब ती स्वतः मांडते.

माहिती द्यायचीच नाही असं नाही. "एक सांगू का?" म्हणून परवानगी घे, एकच गोष्ट सांग, आणि "तुम्हाला काय वाटतं?" म्हणून थांब. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. सकाळी डोकं धरतं ते निकोटीनची तलफ म्हणून, आणि पहिले काही दिवस सर्वांत जड जातात. एका बैठकीला एवढं पुष्कळ.

मावा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, खाणाऱ्या पोरांशीही हाच कित्ता. कर्नाटकात २०१३ पासून गुटख्याला बंदी आहे, आणि पोरांचे गाल तू रोज बघतेसच.

एक अडचण तुझ्या ध्यानात आलेली दिसत नाही. तुझं कानडी अजून कच्चं आहे. प्रश्न कानडीत पाठ करता येतील, पण समोरचीचं बोलणं पकडून तिला परत देणं पाठांतरानं होत नाही. चिकोडीकडची कानडी बोलणारी कुणी आली तर तिची भाषा बोलणाऱ्या आशाताईला, म्हणजे गावातल्या आरोग्यसेविकेला, बोलायला बसव आणि तू रजिस्टर लिही. त्यात कमीपणा नाही.

दारूबाबत मात्र सावध. रोज भरपूर पिणारा, सकाळी हात थरथरणारा माणूस 'उद्यापासून बंद' म्हणाला तर शाबासकी देऊन घरी पाठवू नकोस. एकदम बंद केल्यावर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्याला आधी डॉक्टरांकडे ने.

आणि हे गोड बोलून वळवण्याचं तंत्र समजू नकोस. सगळं बोलून झाल्यावर मावशी 'आत्ता न्हाई' म्हणाली तर ते तिचं उत्तर आहे. "पुढच्या खेपेला परत विचारू का?" एवढं विचार आणि सोड. 'सोडते' म्हणाली तर कधीपासून आणि तलफ आली की काय करणार, हे तिच्याकडूनच काढ. तंबाखू सोडायला फोनवर मदत करणाऱ्या राष्ट्रीय क्विटलाइनचा नंबर, १८००-११-२३५६, कागदावर लिहून दे. फोन फुकट आहे हेही सांग.

पुढच्या पत्रात किती जणींनी सोडली ते कळवू नकोस, तो आकडा साहेबांना दे. मला एकीशी झालेलं बोलणं, तिचं नाव न घालता, जसंच्या तसं लिहून पाठव. तिची वाक्यं एका बाजूला, तुझी दुसऱ्या बाजूला. तुझी बाजू लांब भरली तर मी विचारीनच.