‘मॅडम, याच्या हातून काही होईल का?’

सातपूरच्या एक बाई गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) धाकट्या भावाचं सगळं एकाच वर्षात विस्कटलं होतं. वडील गेले, एमआयडीसीतली नोकरी गेली, बायको मुलीला घेऊन निफाडला माहेरी गेली. “रात्र रात्र जागतो हो. बातम्यांत वाचते ना, नोकरी गेली म्हणून अमक्यानं घरच्यांनाच मारलं.” पदराचं टोक बोटाला गुंडाळणं काही थांबत नव्हतं.

ही भीती माझ्याकडे वरचेवर येते. होम्स आणि राहे या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ उलथापालथींना गुण दिले. जोडीदारापासून दुरावणं ६५, जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू ६३, नोकरी जाणं ४७. भावाची बेरीज १७५ झाली. पण ती यादी आजारपणाचा अंदाज घ्यायला केली होती, गुन्ह्याचा नव्हे. इतकं सोसलेली बहुतेक माणसं कुणावर हात उगारत नाहीत, आतल्या आत खचतात. जपावं लागतं ते त्यांच्याच जिवाला.

म्हणून मी वेगळंच विचारते. आधी कधी हात उचललाय? दारू? घरात हत्यार? कुणाचं नाव घेऊन धमक्या देतो?

बाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “बायकोवर उचललाय. पिऊन. तीन वर्षं झाली.”

म्हणजे नोकरी होती तेव्हापासून! बायको गेली ती मार खाऊन. ताणाने दारू वाढते, राग भडकतो, हे खरंच. पण इथे मारहाण ताणाच्या आधीची होती. शिवाय बायको घर सोडते, ते दिवस तिच्यासाठी फार जोखमीचे असतात. मी आधी तिच्याशी बोलले. १८१ ही महिला हेल्पलाइन आणि ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर दिला, २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण आदेश मागता येतो हे समजावलं. भावासाठी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिला आणि व्यसनमुक्तीची चिठ्ठी.

तिसऱ्या आठवड्यात तो स्वतः आला. “राग आला की मला काही कळतच नाही, मॅडम.”

“मॅनेजरवर कधी हात उचललात?”

“नाही.”

“सगळ्यात जास्त राग तर त्याचाच होता ना?”

तो बराच वेळ चपलांकडे बघत बसला. मग हळूच म्हणाला, “मुलीनं बघितलंय सगळं.”

तिथून आमचं बोलणं सुरू झालं.